घरात ‘शॅमेलिऑन’ आलाय? खायला काय देऊ विचारण्याआधी त्याचे पाय बघा

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की गोराईत कुंपणावर, जास्वंदीच्या झुडपात, कधी उभ्या केलेल्या बाईकवरही सरडे दिसायला लागतात. मग कुणीतरी एखादा हिरवट, संथ चालणारा प्राणी उचलून घरी आणतं, प्लास्टिकच्या डब्यात ठेवतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारतं, ‘हा शॅमेलिऑन आहे ना? याला खायला काय देऊ?’ दुसऱ्या एखाद्या घरात हाच प्राणी वाढदिवसाची भेट म्हणून आलेला असतो, ‘एकदम सोपा पेट आहे’ या हमीसह.

दोन्ही घरांतला प्रश्न सारखाच असला, तरी उत्तर सारखं नाही. एका घरातला प्राणी पाळायचाच नसतो. दुसऱ्या घरातला पाळता येतो, पण त्यासाठी कागदपत्रं आणि बरीच तयारी लागते. म्हणून ‘खायला काय देऊ’ याच्या आधी ‘हा नेमका आहे कोण’ हे ठरवावं लागतं. त्या उत्तरावर प्राण्याचा जीव अवलंबून असतो आणि तो घरात ठेवणं गुन्हा ठरतो की नाही हेसुद्धा.

थोडक्यात महत्त्वाचं

- मुंबईत ‘शॅमेलिऑन’ म्हणून उचलला जाणारा प्राणी बहुतेक वेळा साधा बागेतला सरडा असतो.
- भारतात रानात शॅमेलिऑनची एकच जात सापडते. ती संरक्षित आहे, घरी पाळता येत नाही.
- परदेशी जातीचा शॅमेलिऑन असेल तर त्याची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते.
- रानातला प्राणी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.
- विकत घेतलेला परदेशी प्राणी नकोसा झाला तरी तो कधीही बाहेर सोडू नका.

हा खरंच शॅमेलिऑन आहे का?

गोंधळ नावापासून सुरू होतो. हिंदीत ‘गिरगिट’ हा शब्द बागेतल्या सरड्यालाही वापरतात आणि शॅमेलिऑनलाही. मराठीतही रंग बदलणारा तो ‘सरडा’ असं आपण सरसकट म्हणतो. खऱ्या शॅमेलिऑनला मराठीत सरडगुहिरा म्हणतात, काही भागांत घोयरा हे नाव आहे. शहरात मात्र ही नावं फारशी कानावर पडत नाहीत.

बागेतला सरडाही रंग बदलतो. विणीच्या काळात नराचं डोकं आणि गळा लालभडक किंवा केशरी होतो, गळ्याच्या बाजूला काळे डाग उमटतात. त्यामुळे फक्त रंगावरून ओळख पटवायला गेलात तर हमखास चुकाल. त्याऐवजी पुढच्या पाच गोष्टी बघा.

*१. पाय.* सगळ्यात खात्रीची खूण हीच. शॅमेलिऑनची बोटं सुटी नसतात. ती दोन आणि तीन अशा गटांत जोडलेली असतात, त्यामुळे पाऊल चिमट्यासारखं दिसतं. पुढच्या पायात तीन बोटांचा गट आतल्या बाजूला असतो, मागच्या पायात बाहेरच्या बाजूला. बागेतल्या सरड्याची पाचही बोटं लांब, सुटी आणि नखं असलेली असतात.

*२. डोळे.* शॅमेलिऑनचे डोळे शंकूसारखे बाहेर आलेले असतात. पापणीने ते जवळपास पूर्ण झाकलेले असतात, मधोमध बारीक भोक दिसतं. एक डोळा पुढे आणि दुसरा मागे, असे ते वेगवेगळ्या दिशांना फिरतात. दुसऱ्या कुठल्याही स्थानिक सरड्यात हे दिसत नाही.

*३. शेपटी.* शॅमेलिऑन शेपटीने फांदी पकडतो. निवांत असताना ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवतो. बागेतल्या सरड्याची शेपटी लांब, बारीक आणि सरळ असते, तिने तो काही पकडू शकत नाही.

*४. कान.* डोक्याच्या बाजूला कानाचा गोल पडदा दिसला, तर तो शॅमेलिऑन नाही. शॅमेलिऑनला बाहेरून दिसणारं कानाचं छिद्रच नसतं.

*५. चाल.* ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्याच्यामुळे आली, तो सुसाट पळणारा बागेतला सरडा. शॅमेलिऑन पळत नाही. तो वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा पुढे-मागे डुलत एकेक पाऊल टाकतो. हात लावायला गेलात आणि तो क्षणात भिंतीवर गेला, तर ओळख तिथेच पटली.

या पाच खुणांत तुमचा प्राणी बसला नाही, तर तो बागेतला सरडा आहे किंवा आणखी कुणी. पेट शॉपमध्ये हिरवा इग्वानाही कधीकधी ‘शॅमेलिऑन’ म्हणून खपवला जातो. इग्वानाला कानाचा पडदा असतो आणि त्याच्या खाली जबड्यावर एक मोठा गोल खवला ठळक दिसतो. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे आणि मोठा झाल्यावर शेपटीसह दीड मीटरच्याही पुढे जातो. त्याला शॅमेलिऑनसारखे किडे खाऊ घातले तर तो आजारी पडतो. ओळख चुकली की काळजीही चुकते, ती अशी.

बागेतला सरडा असेल तर फार विचार करू नका. जिथून उचलला त्याच झुडपात दिवसाउजेडी परत ठेवा. तो विषारी नाही. तो तुमच्या अंगणातले किडे खातो, त्याचा फायदा तुम्हालाच आहे.

जाता जाता एक गंमत. मराठीतला ‘सरडा’ हा शब्द थेट जीवशास्त्रात पोहोचला आहे. गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला संशोधकांनी २०१६ मध्ये ‘सारडा’ असं शास्त्रीय नाव दिलं, ते याच शब्दावरून. त्यातली ‘सारडा सुपर्बा’ ही जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर सापडते.

शॅमेलिऑनच आहे! पण भारतीय की परदेशी?

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. भारतात मात्र एकच जात आहे, भारतीय शॅमेलिऑन. तिचं शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. महाराष्ट्राच्या अनेक भागांत, कोरड्या पानझडी जंगलात, झुडपी रानात आणि शेताच्या बांधावर तो आढळतो. पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या परदेशी जाती मुख्यतः तीन.

*भारतीय शॅमेलिऑन.* डोक्यावरचा टोप बुटका असतो. गळ्यापासून पोटाच्या मध्यावरून एक पांढरट दातेरी रेघ जाते. रंग हिरवा, पिवळट किंवा तपकिरी, त्यावर पट्टे आणि ठिपके. शेपटीसह लांबी साधारण एक ते सव्वा फूट.

*व्हेल्ड शॅमेलिऑन.* येमेन आणि सौदी अरेबियातला. डोक्यावर माशाच्या परासारखा उंच टोप, हीच त्याची मोठी खूण. पिल्लांमध्ये टोप लहान असतो, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. नराच्या मागच्या पायाच्या टाचेला जन्मापासून छोटा काटा असतो.

*पँथर शॅमेलिऑन.* मादागास्करचा. नर अत्यंत रंगीत, निळा, लाल, हिरवा. अंगाच्या बाजूने एक फिकट आडवा पट्टा जातो.

*जॅक्सन्स शॅमेलिऑन.* केनिया आणि टांझानियाच्या डोंगराळ भागातला. नराच्या तोंडावर तीन शिंगं. त्याला थंड हवा लागते, मुंबईचा मे महिना त्याच्यासाठी जीवघेणा आहे.

एक साधा तर्कही लावता येतो. प्राणी झाडावर, रस्त्यावर किंवा नर्सरीतून आणलेल्या कुंडीत सापडला असेल, तर तो भारतीय आहे असंच धरून चाला. ‘गावाकडून आणलाय’ असं सांगून कुणी विकत असेल, तर तो जवळपास नक्कीच रानातून पकडलेला आहे. आणि खात्री नसेल तर पाय, डोकं, पोटाची बाजू आणि शेपटी यांचे स्पष्ट फोटो काढून वनविभागाला किंवा सर्पमित्राला दाखवा. ‘नक्की ओळख पटेपर्यंत ठेवून घेतो’ हा पर्याय धरू नका.

भारतीय असेल तर: ‘मी वाचवलंय’ एवढं पुरत नाही

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतीय शॅमेलिऑन संरक्षित आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात प्राण्याला पकडणंही येतं, फक्त मारणं नाही. प्रेमाने पकडलं, खाऊ-पिऊ घातलं, तरी पकडणं ते पकडणंच.

कायद्याच्या कलम ३९ नुसार असा वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो कुठल्याही कारणाने तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. जखमी प्राणी उचलणाऱ्या माणसाला घाबरण्याचं कारण नाही, पण त्याने लगेच कळवणं गरजेचं आहे. ‘पंधरा दिवस ठेवून बरा करतो’ असं ठरवलं की तो मदत करणारा राहत नाही.

२०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सर्वसाधारण उल्लंघनाला आता ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कडक आहे. आणि हो, असा प्राणी हातावर घेऊन केलेला रील हा पुरावाच असतो.

शिक्षेपेक्षाही महत्त्वाचं कारण वेगळं आहे. रानातून आणलेला शॅमेलिऑन पिंजऱ्यात फार क्वचित तगतो. तो ताणाने खाणं सोडतो. त्याच्या अंगात आधीच असलेले परजीवी जंतू एरवी फारसे त्रास देत नाहीत, पण ताणाखाली ते वाढतात. काही आठवडे तो ठीक दिसतो आणि मग अचानक मरतो. ‘काल तर चांगला होता’ हे वाक्य तेव्हा ऐकू येतं.

पहिले काही तास: मदत येईपर्यंत काय करायचं?

१. त्याला हवेशीर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोक्याला बाजूने भोकं पाडा आणि आत एक आडवी फांदी द्या, म्हणजे त्याला पकडायला काहीतरी मिळेल.

२. खोकं सावलीत, शांत खोलीत ठेवा. थेट ऊन, पंख्याचा झोत आणि एसी टाळा. मांजर, कुत्रा आणि लहान मुलं दूर.

३. फांदीवर आणि पानांवर पाण्याचे बारीक थेंब शिंपडा. तोंड उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

४. खायला घालू नका. एखादा दिवस उपाशी राहिल्याने त्याचं बिघडत नाही. दूध, भात, फळं तर अजिबात नाही.

५. जखम असेल तर हळद, तेल, मलम काही लावू नका.

६. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

गोराईकरांनी फोनवर एक गोष्ट आवर्जून स्पष्ट करावी. गोराई म्हणजे बोरिवली पश्चिमेची म्हाडा वसाहत की खाडीपलीकडचं गोराई गाव? बाहेरून येणाऱ्याला हा फरक माहीत असेलच असं नाही. गावात यायचं तर बोरिवलीच्या जेट्टीवरून बोट पकडावी लागते किंवा भाईंदर-उत्तनचा वळसा घालावा लागतो. चुकीच्या गोराईत पोहोचलेला माणूस परत फिरून येईपर्यंत तास-दीड तास सहज जातो. जवळची खूण सांगा, लोकेशन पाठवा आणि प्राणी नेमका कुठे सापडला तेही लिहून ठेवा. त्याला पुन्हा रानात सोडताना ही माहिती उपयोगी पडते.

परदेशी असेल तर: आधी कागद, मग पिंजरा

परदेशी शॅमेलिऑन पाळणं सरसकट बेकायदा नाही. पण ‘विदेशी आहे, त्याला कायदा लागत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्यही आता खरं नाही.

व्हेल्ड, पँथर आणि जॅक्सन्स या तिन्ही जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे देशाबाहेर त्यांची ने-आण परवान्याशिवाय करता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातल्या प्राण्यांना भारतीय कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आणलं. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यानुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवायचं असतं.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा:

- या प्राण्याची तुमच्या नावावर नोंदणी आहे का? ती माझ्या नावावर करून देणार का?
- तो आयात केलेला आहे की इथे पैदास केलेला? त्याचा कागद कुठे आहे?
- तुमचं दुकान २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेलं आहे का?

‘पावती देतो ना’ हे या तिन्हींचं उत्तर नाही. पार्किंगमध्ये भेटून किंवा कुरिअरने प्राणी देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

हा धंदा आतून कसा चालतो, याची झलक मुंबईनेच पाहिली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सहारच्या एअर कार्गो संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने ६६५ विदेशी प्राणी पकडले. कासवं, अजगर, इग्वाना, सगळे शोभेच्या माशांच्या मालाआड लपवून आणलेले. अनेक प्राणी त्या प्रवासातच मेले. कागद नसलेला स्वस्त प्राणी घेताना आपण पैसे कशासाठी मोजतोय, हे यावरून समजावं.

पिंजरा: काचेची टाकी नको, जाळी हवी

माशांची रिकामी टाकी घरात पडून असते म्हणून शॅमेलिऑन तिच्यात ठेवला जातो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गोराईसारख्या खाडीकाठच्या भागात पावसाळ्यात हवेत आधीच खूप ओल असते. बंद काचेत ती कोंडते आणि श्वसनाचे आजार, बुरशी सुरू होते. शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की त्याला दुसरा शॅमेलिऑन समोर उभा असल्यासारखं वाटतं आणि तो सतत ताणात राहतो.

मोठ्या व्हेल्ड किंवा पँथर शॅमेलिऑनसाठी चारही बाजूंनी जाळी असलेला उभा पिंजरा लागतो. साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. उंची महत्त्वाची, कारण हा झाडावर राहणारा प्राणी आहे. पिंजरा जमिनीवर न ठेवता उंच स्टँडवर ठेवा. माणसं वरून खाली वाकून बघायला लागली की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं.

आत वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या-तिरक्या फांद्या लावा. जास्वंद, मनी प्लांट, अरेका पाम अशी खरी झाडं ठेवा. नर्सरीतून आणलेलं झाड आधी नीट धुवा आणि काही आठवडे बाहेर ठेवा, कारण त्यावर कीटकनाशक असू शकतं. तळाला माती किंवा भुसा न घालता कागद अंथरा. किडा पकडताना जिभेला चिकटलेला भुसा पोटात गेला तर आतडी अडकू शकतात.

एका पिंजऱ्यात एकच प्राणी. ‘जोडी घ्या, एकटा कंटाळेल’ हा सल्ला विकणाऱ्याच्या फायद्याचा असतो. शॅमेलिऑन एकटाच राहतो आणि दुसरा समोर दिसत राहिला तर तो आजारी पडतो.

ऊन आणि उष्णता

शॅमेलिऑनला दोन प्रकारचा प्रकाश लागतो. एक उष्णतेसाठी, दुसरा हाडांसाठी.

व्हेल्ड आणि पँथर जातींसाठी पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, दिव्याखालच्या फांदीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान पुरतं, मादी आणि पिल्लांना त्याहून थोडं कमी. बाकी पिंजरा २२ ते २६ अंशांच्या आसपास थंड हवा. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच ३२-३३ अंशांवर जाते. तेव्हा उष्णतेचा दिवा बंद ठेवा आणि खोली थंड कशी राहील ते बघा. म्हणून थर्मामीटर हवाच, अंदाजावर चालत नाही. रात्री सगळे दिवे बंद. त्याला अंधार आणि थोडा गारवा लागतो.

दुसरा दिवा यूव्हीबीचा. हा प्रकाश मिळाला नाही तर शरीरात ‘ड जीवनसत्त्व’ तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शिअम वापरलं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. लांब ट्यूबचा यूव्हीबी दिवा दिवसाचे साधारण १२ तास चालू ठेवा. दिवा पेटत राहिला तरी त्यातला यूव्हीबी हळूहळू संपतो, त्यामुळे कंपनीने दिलेल्या मुदतीनुसार, साधारण ६ ते १२ महिन्यांत तो बदला. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ दिलं तर उत्तमच. पण पिंजरा जाळीचा हवा, अर्ध्या भागात सावली हवी आणि कावळ्यांवर लक्ष हवं.

पाणी: वाटी ठेवून उपयोग नाही

वाटीत पाणी ठेवलं आणि प्राणी मात्र पाण्यावाचून सुकला, असं शॅमेलिऑनच्या बाबतीत होतं. साचलेलं पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही. रानात तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी पानांवर काही मिनिटं बारीक फवारा मारा आणि वरून थेंब थेंब पडत राहील असा ड्रिपर लावा. मधल्या वेळेत पिंजरा पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात फवारा कमी आणि हवा खेळती ठेवण्याकडे लक्ष जास्त.

खाणं: रातकिडे, झुरळं, पण घरातली नव्हेत

शॅमेलिऑन जिवंत किडे खातो. पाळण्यासाठी वाढवलेले रातकिडे, ड्युबिया झुरळं आणि रेशीमकिडे हा मुख्य आहार. व्हेल्ड जात अधूनमधून जास्वंदीची पानं-फुलंही खाते. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. वाढत्या पिल्लांना रोज खाणं लागतं, मोठ्यांना एक दिवसाआड पुरतं. लठ्ठपणा हासुद्धा आजारच आहे.

किडे देण्याच्या एक दिवस आधी त्यांना पालेभाज्या, गाजर, भोपळा खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असतं तेच पुढे शॅमेलिऑनला मिळतं. देताना किड्यांवर कॅल्शिअमची पावडर भुरभुरा. जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदा पुरे.

स्वयंपाकघरातली झुरळं आणि बाहेरून पकडलेले किडे देऊ नका, मुंबईत त्यांच्या अंगावर पेस्ट कंट्रोलचं औषध असण्याची शक्यता मोठी. काजवे तर कधीच नाही, काही जातींच्या काजव्यांमधलं विष सरड्यांचा जीव घेतं. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर पिंजरा आधी दुसऱ्या घरी हलवा.

रंग म्हणजे त्याची भाषा

रंगीत चष्म्यांवर ठेवला की तसा रंग घेणारा शॅमेलिऑन तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल. तो जाहिरातीसाठी बनवलेला होता. शॅमेलिऑन चटईच्या रंगाचा होत नाही.

२०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. शांत असताना हे स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. कातडीतल्या पिवळ्या रंगात तो मिसळून आपल्याला हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, लाल असे रंग दिसू लागतात. म्हणजे रंग मुख्यतः त्याची मनःस्थिती, तापमान आणि समोरच्या शॅमेलिऑनला दिलेला निरोप सांगतो.

पाळणाऱ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. सकाळी उन्हात बसताना गडद होणं नेहमीचं, तो उष्णता शोषून घेत असतो. झोपेत फिकट पडणंही नेहमीचं. पण दिवसभर काळपट राहणं, अंग फुगवणं, तोंड उघडून फुस्स करणं म्हणजे ‘मला एकटं सोडा’. रीलसाठी त्याला वेगवेगळ्या कापडांवर ठेवलं की तो रंग ‘बदलून दाखवत’ नाही, तो घाबरलेला असतो.

नवीन आणल्यावर निदान पहिले दोन आठवडे त्याला हात लावू नका. त्यानंतरही गरजेपुरताच. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो.

डॉक्टरकडे कधी?

- डोळे आत गेलेले, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-केशरी: पाणी कमी पडतंय.
- दिवसा डोळे मिटून बसणं: गंभीर, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
- पाय वाकडे होणं, फांदी पकडता न येणं, जीभ आत न जाणं: हाडांचा आजार.
- तोंड उघडं, मान वर, श्वासाचा आवाज: उष्णता जास्त किंवा फुप्फुसाचा संसर्ग.
- मादी सतत खाली उतरून जमीन उकरते, खाणं सोडते: तिला अंडी घालायची आहेत.

शेवटचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते. तिला ओलसर वाळू-मातीने भरलेली खोल कुंडी मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सरपटणारे प्राणी हाताळता येत नाहीत. म्हणून प्राणी घरी आणण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवा आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो ते बघा. गोराई गावात राहत असाल, तर शेवटची बोट कितीला असते तेही यात मोजा.

नको झाला तर सोडून देऊ का?

परदेशी शॅमेलिऑन असेल तर अजिबात नाही, नॅशनल पार्कच्या जंगलात नाही आणि गोराईच्या खारफुटीतही नाही. हवाईमध्ये काय झालं ते बघा. १९७२ मध्ये ओआहू बेटावर एका व्यापाऱ्याने आयात केलेले जॅक्सन्स शॅमेलिऑन बागेत मोकळे ठेवले. ते पसरले आणि आता तिथल्या इतर बेटांवरही आहेत. तिथले दुर्मीळ किडे आणि गोगलगायी ते खातात. आपल्याकडेही लाल कानाची विदेशी कासवं घरातून तलावात गेली आणि तिथेच राहिली. ठेवणं जमत नसेल तर नोंदणीसह दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्या, नाहीतर वनविभागाशी बोला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शॅमेलिऑन विषारी असतो का?*
नाही. गावोगावी घोयऱ्याला विषारी समजून मारलं जातं, पण तो विषारी नाही. डिवचला तर चावू शकतो, एवढंच.

*तो किती वर्षं जगतो?*
चांगली काळजी घेतली तर व्हेल्ड आणि पँथर जाती साधारण ५ ते ८ वर्षं, माद्या त्याहून कमी.

*शेपटी तुटली तर पुन्हा येते का?*
पालीसारखी येत नाही. शॅमेलिऑन शेपटी टाकत नाही आणि तुटली तर ती परत वाढत नाही.

*लहान मुलांसाठी हा चांगला पेट आहे का?*
नाही. हा बघायचा प्राणी आहे, खेळायचा नाही. मुलांना खरंच आवड असेल तर पावसाळ्यात एखाद्या जाणकारासोबत त्यांना रानात न्या. फांदीवर डुलत चाललेला शॅमेलिऑन एकदा रानात बघितला, की डब्यातला बघायची हौस बहुधा उरत नाही.